तुनं मले भासऱ्याचं तोंड विचारलं

फोन तुझ्याच नंबरावरून आला ताई, पन बोलनारी तू नव्हती. मी सडक अर्जुनीच्या स्टँडवर उभी, आरती कंबरेवर, नागपूरची गाडी लागलेली, कंडक्टर दारात उभा राहून नागपूर नागपूर करून राहिला, अन् मी फोन कानाले लावूनच बोलाले लागली, कुठं हायेस वो रत्नाताई, किती येळ, गाडी सुटून राहिली ना. तिकडून मानसाचा आवाज आला. म्हने मी रत्नाचा भाऊ. म्हने आज सकारी. म्हने ताप डोक्यात चढला होता, मलेरिया, गोंदियाले भरती केलं होतं, काईच करता आलं नाई. मी फोन बंद केला. त्यानं पुन्हा लावलन. मी उचललाच नाई. मले वाटलं, मी आयकलं नाई तर ते झालं नाई. आरती रडाले लागली, तिले काय समजलं देव जाने, का मीच तिले गच्च आवरून धरलं होतं.

कंडक्टर म्हने, बाई, येनं हाये का नाई. अन् मी चढली. कशी चढली मले आठवत नाई. तुझ्या आमगावकडे जावं का नागपूरले जावं, इचार कराले येळ कुठं होता. आरतीचे बाबा नागपूरच्या जेलात, त्या दिवशी मुलाकात, ते चुकलं तर पुन्हा कई भेटतीन त्याचा भरोसा नाई. पाय आपोआप चढले. कंडक्टरनं विचारलन किती, मी म्हनलं दोन नागपूर. त्यानं आरतीकडे पाह्यलन अन् म्हनलन, एवढ्या पोरीचं तिकीट लागत नाई बाई. एकच घेतलं.

जेलात जाळीच्या त्या बाजूले ते आले. पहिला शब्द काय बोलले माईत हाये काय तुले? आरतीची बी खबर नाई घेतली. म्हनले, ताई नाई आली काय? मी म्हनलं, ताप हाये तिले. म्हनले, असू दे, समोरच्या येळी येईन, तिले सांग, मले एक गोष्ट आठवली, त्या दिवशी सकारी धुकं एवढं होतं का मले माझेच बैल दिसून नव्हते राहिले, हे तिले कामी येईन. मी म्हनलं, सांगते.

अजून बी त्याईले माईत नाई. हे पहिलं तुले सांगाचं होतं.

तुझ्या नागपूरच्या मैत्रिनी तुझ्या नावानं अंक काढून राहिल्या. एक जन आली माझ्या घरी, म्हने तू बोल, मी लिहून घेते, जसं बोलते तसंच लिहीन, सुदारनार नाई. मी म्हनलं, मी आठवी नापास, मोठमोठ्या सरांच्या मंधात माझं काय काम. तर म्हने, रत्ना तुझ्याबद्दल जेवढं बोले तेवढं कोनाबद्दल नाई बोले. ते आयकून मी चुलीत फुका मारत बसली. धूर नव्हता तरी.

नावं सगरी बदललेलीच हायेत. तुझ्याच कामात तुनं बदलली होती, तीच इथं घेतली. तू म्हनली होती, तुझं नाव काय ठेवू, तूच सांग. मी म्हनलं राधिका. तू एवढी हासली. म्हने, खुनाच्या केसात राधिका? मंग रेखा ठेवलं. फक्त तुझंच नाव खरं हाये. तुले आता कोन काय करते.

तू पहिल्यांदा आली तो दिवस सांगू काय. आरतीच्या बाबाले सजा झाल्यावर आमच्या आंगनात कोनी पाय टाकत नव्हतं. भावकीतला खून, मारला तो बी आमच्यातलाच बुढा, मंग लोक कोनाकडे येतीन? अन् एक दिवस तू स्कूटी घेऊन चिखलातून आली, अर्धी साडी भिजलेली. सासूले वाटलं कुटुंब नियोजनवाली. मंग तुनं सांगितलं का तू पीएचडी करून राहिली, डॉक्टर होनार हायेस. सासू म्हने, सुई आनली काय, माझं गुडघं पाह्य. तू म्हनली, मी सुई न टोचनारी डॉक्टर. जे लोकं दुसऱ्याच्या गुन्ह्याची सजा भोगून राहिले त्याईच्या केसा मी शिकते, कुठं चूक झाली ते पाह्यते. सासू म्हने, मंग बाई तुले जिंदगीभर पुरन एवढं काम हाये.

पानी द्याच्या आधी सासूनं तुझं आडनाव विचारलन, मले आठवते. तुनं सांगितलं, अन् तिनं वेगळा गिलास काढलन. तुले बी समजलं. तू त्याच गिलासानं पानी पेली, अन् जाताजाता सोताच धुऊन उपडा ठेवला. मी शरमली. मंग तू येतच राहिली, अन् तो गिलास कई बाकीच्या गिलासात मिसरला, कोनाले समजलं बी नाई. सासूले मी विचारलं नाई, तिनं बी सांगितलन नाई.

केस तर तू माझ्यापेक्षा जास्त वाचली होती. पन जे हा अंक वाचतीन त्याईले माईत नसन, म्हनून सांगते. थंडीचे दिवस, धान कापून पुंजने रचले होते. सकारच्या पारी एका पुंजन्याजवर तो बुढा मरून पडलेला सापडला, डोक्यात घाव. आरतीच्या बाबाचं अन् त्या बुढ्याचं शेताच्या धुऱ्यावरून भांडन झालतं, अख्ख्या गावानं आयकलं होतं. त्या बुढ्याची सून, शकुन, ती शेन टाकाले गेलती, तिनं एक मानूस पळताना पाह्यलन. बस. कोर्टात तिले विचारलन, कोन होता? तिनं आरतीच्या बाबाकडे बोट केलन. जन्मठेप.

आमच्या वकिलानं म्हनलं होतं म्हने, का त्या बाईसमोर चार-सहा मानसं उभी करून ओळखपरेड काऊन नाई घेतली. तर जजसाहेबानं लिहिलन का गरजच नाई, एकाच गावची, एकाच भावकीची, आरोपी तिच्या रोजच्या वरखीचा, म्हंजे ओळखीचा. वरखीच्या मानसाले कोन चुकते? मले बी तेच वाटे. म्हनूनच तर मी शकुनले खोटारडी म्हनत होती, रांड म्हनत होती, अन् काय काय म्हनत होती. ती खोटं बोलली म्हनूनच हे झालं, दुसरं काय?

अन् मंग तुनं मले भासऱ्याचं तोंड विचारलं.

तू चुलीजवर बसून भात अन् आंबाडीची भाजी खाऊन राहिली होती. बाहेर मोठे खाकरले. मोठे म्हंजे आरतीच्या बाबाचे सख्खे मोठे भाऊ, माझे भासरे, एकाच आंगनात राहतेत. ते खाकरले का मी पदर ओढते अन् भिंतीकडे तोंड करते, ते घरामागच्या सांधवाडीत निंघून जातेत, मंग मी फिरते. हातातलं काम बी थांबत नाई माझं. भासऱ्याच्या समोर नाई जाचं, त्याईचं नाव नाई घ्याचं, तोंडाकडे नाई पाह्याचं, हे आमाले लगनाच्या हळदीसंगंच लागते. सख्खा असो का गावनात्यानं असो. तुनं हे पाह्यलं अन् असंच, भाजी वाढ म्हनावं तसं, विचारलं, काय वं, तुझ्या भासऱ्याले मिशा हायेत काय?

मी म्हनलं, असतीन.

असतीन म्हंजे?

मानसाले असतेतच ना.

सासू फसकन् हासली. म्हने, कायच्या मिशा, त्याले लहानपनापासून मिशाच नाई फुटल्या, अन् डावी भुवई अर्धी जरलेली हाये, दिवाळीत फटाक्यानं, पूरं गाव त्याले भुवईकट्या म्हनते, अन् हे बाई पाच वर्सापासून त्याच्या आंगनात भाकरी थापून राहिली, हिले माईत नाई. मले राग आला. मी म्हनलं, मले माईत हाये ना, त्याईची उजवी टाच चिरलेली हाये, चप्पल घासत चालतेत, खाकरतेत तई दोनदा खाकरतेत, धोतराची किनार खालून फाटलेली हाये. मी नुसती चाहूल लागली तरी ओळखीन का हे मोठे हायेत. तोंडाचं कायले पायजे?

तुझा हात भातातच राहिला. तू माझ्याकडे अशी पाहून राहिली का मले वाटलं भाजीत काई निंघालं. मंग तुनं लय हळू विचारलं, अन् तुले जर कोर्टात उभं केलं अन् विचारलं, हाच तुझा भासरा काय, तर?

मी म्हनलं, घरचे सांगतीन तेच सांगन ना.

सासूचं हासनं थांबलं. तू भात तसाच ठेवून उठली, हात धुतले, अन् आंगनात जाऊन उभी राहिली. मी मागं आली. तू म्हनली, रेखा, आरतीचे बाबा शकुनचे कोन लागतेत? मी म्हनलं, भासरे. तिच्या नवऱ्यापेक्षा मोठे हायेत ना. अन् हे तोंडातून निंघालं तईच मले उमजलं. तोपर्यंत माझ्या ध्यानातच नव्हतं आलं. अख्ख्या गावाच्या नव्हतं आलं. आमच्या वकिलाच्या बी नाई. ज्याले रोज पाह्यते म्हनून जजसाहेबानं लिहिलन, त्याले तिनं एकदा बी पाह्यलं नव्हतं.

तू रडली होती त्या दिवशी. मी पाह्यलं, तुनं लपवलं. मले वाटलं आता आरतीचे बाबा सुटले. उद्याच. मी लय शहानी समजत होती सोताले.

मंग तू ते सगरं लिहिलं. दुसऱ्या गावच्या केसा काढल्या, तिथं साक्ष दिलेल्या बायाईले भेटली, कोनी सासऱ्यावर बोट केलतं, कोनी भासऱ्यावर. तू म्हनत होती, कायदा म्हनते वरखीचा मानूस, पन वरखीचा मानूस अन् पाह्यलेला मानूस हे दोन वेगळे मानसं हायेत, हे कोनीच लिहिलं नाई आजलोक. तुझ्या कॉलेजात तुनं ते वाचून दाखवलं, तिथची गोष्ट तुनं मले बोडीच्या, आमच्या लहान तलावाच्या, पारीवर बसून सांगितलती. एक मोठे सर उठले, म्हनले, हे जुन्या चालीरीती झाल्या, कायद्याच्या अभ्यासात याचं काय काम, आता सगऱ्या बाया सगऱ्याईले पाह्यतेत. तुले राग आला, तू म्हनली, सर, डोरे मिटा अन् तुमच्या ड्रायवरचं तोंड सांगा. तुले वाटलं आता फसतीन. अन् त्या सरानं बराबर सांगितलन, नाक, दात, कानाजवरचा मस तो बी सांगितलन. सगरे हासले. तू म्हनली, मले घाम फुटला वं रेखा, मी म्हनलं मेली आता. मंग तुले सुचलं. तू म्हनली, सर, तुमाले त्याच्याकडे पाह्याची मनाई नाई.

हे सांगताना तू पान्यात गोटे मारून राहिली होती. मी विचारलं, मंग सर काय बोलले? तू म्हनली, काईच नाई, चहा प्याले गेले.

मी तुझ्यासंगं भांडली ते बी या लोकाईले सांगते. काऊन लपवू. तू गेली म्हनून भांडन खोटं होत नाई. वकीलसाहेबानं सांगितलन का ताईचं लिखान चांगलं हाये, हायकोर्टात अपिलात दाखवता येईन, पन तेवढ्यानं भागनार नाई. कोर्ट शकुनची साक्ष पुन्हा घ्याले लावू शकते, पन पहिले तिनं सोताच सांगितलं पायजे का मी तोंड नाई पाह्यलं. तई मी तुले म्हनलं, तू जा तिच्याजवर, गोड बोलून काढ तिच्या तोंडातून, तुझ्याजवर ते टेप हाये ना, पिशवीत ठेव चालू करून. तू म्हनली, नाई. मी म्हनलं, काऊन नाई? तू म्हनली, तिले न सांगता तिचं बोलनं घेता येत नाई, मी असं काम करत नाई. अन् तिनं कबूल केलं तर तिचे घरचे तिले ठेवतीन काय? पोरगं हिसकून घेतीन. अन् खोटी साक्ष दिली म्हनून तिच्यावरच केस झाली तर? एक निरपराध बाहेर काढाले मी दुसरा आत टाकू काय?

मी म्हनलं, ती निरपराध? तू कोनाच्या बाजूनं हायेस?

तू म्हनली, ती खोटं नाई बोलली रेखा, तिले जे दाखवलं तेच तिनं पाह्यलं.

मी म्हनलं, तुझे नियम तुझ्या कॉलेजात ठेव, माझा नवरा जेलात हाये. तुझं काय, तुझं तर लिहून होऊन जाते, मंग तू डॉक्टर, अन् मी इथंच.

तू स्कूटीले लात मारून चालू केली अन् गेली. मी आज बी तेच म्हनते ताई. मले वाटते तेव्हा तू चुकली. अन् येखाद येळी वाटते, नाई चुकली. तू असती तर आजलोक भांडून निकाल लावला असता आपुन. आता मी एकटीच दोनी बाजूनं बोलत बसते, भांडे घासताना, सासू विचारते कोनासंगं बोलून राहिली.

अन् तुनं काय केलं? तू धान रोवन्याले गेली. शकुनच्या घरच्या बांधीत, धानाच्या शेतात, बाया लावल्या होत्या तिथं, मजुरी घेऊन. विद्यापीठाची बाई पोटऱ्यालोक चिखलात, रोपाईची, पऱ्ह्याची जुडी हातात. बाया हासून राहिल्या, म्हने ही लाइनीत लावत नाई, हिचा धान नागपूरले तोंड करून उगन. मी दुरून पाहून जरून राहिली होती. माझ्या दुश्मनाचा धान लावून राहिली. तुनं शकुनले केसाचं एक अक्षर विचारलं नव्हतं, हे मले आता समजलं. तू फक्त सांगितलं होतं का मी कोन हाये, कायले आली, अन् तुले कई बोलाचं असन तर मी हाये, नाई बोलाचं असन तर मी धान लावून जाईन.

मच्छर त्याच बांधीत चावले असतीन. मी हे कोनाले बोलली नाई. पन माझ्या डोक्यातून जात नाई.

भांडनानंतर तुनंच फोन केला. जसं काई झालंच नाई. आवाज बसलेला होता. म्हने, बुधवारी मुलाकात हाये ना, मी संगं येते, सडक अर्जुनीले भेट. मी म्हनलं, तुझा आवाज काऊन असा? तू म्हनली, कनकन हाये, गोळी घेतली. मी म्हनलं, बरं. एवढंच. बरं म्हनलं अन् ठेवला. ये नोको, आराम कर, दवाखान्यात जा, रक्त तपास, असं काईच सुचलं नाई मले, रिचार्ज संपाले आला होता अन् आरती पायात लुडबुडून राहिली होती.

तुझ्या पुन्यानुमोदनाले मी आमगावले आली. सासूनं सोताहून पोरीले सांभारते म्हनलन, पन मी आरतीले नेलंच, मले एकटीनं जाले भेव वाटे. तुझ्या घरी कोनीच मले वरखत नव्हतं. पांढरे कपडे घालून सगरे बसले होते, मेनबत्त्या लावलेल्या, तुझा फोटो, त्यात तू भलतीच गंभीर दिसून राहिली, तशी तू कई दिसली नाई मले. एक सर बोलले, तेच काय चहावाले मले काय माईत. म्हनले, रत्नाच्या रूपानं एक मोठं संशोधन अर्ध्यातच थांबलं, तिनं जो प्रश्न उभा केला तो आमाले आधी दिसाले पायजे होता. चांगलं बोलले. डोरे पुसले त्याईनं. मी कोपऱ्यात बसून इचार करून राहिली, का थांबलं म्हंजे काय थांबलं? माझी कोर्टाची पेशी तर थांबली नाई.

मी निंघाली तई मागून कोनीतरी आलं. डोक्यावरून पदर, तोंड झाकलेलं. मी चालीवरून ओळखलं, शकुन. माहेर आमगावच्याच बाजूले हाये तिचं, आईले भेटाले जाते सांगून आलती. माझ्या अंगाले आग लागली पहिले. कायले आली हे इथं? ती संगं चालत राहिली, टेसनालोक. गोंदियाची पॅसेंजर याची होती. बाकावर बसलो दोघी. आरती जागची हालत नव्हती, झोपेनं जड झाली होती, माझा हात भरून आला. शकुननं हात समोर केले. मी दिली. काऊन दिली माईत नाई.

पोरीकडे पाहूनच बोलली ती. म्हने, मी त्या दिवशी एक पांघरलेलं कांबरं पाह्यलं अन् दोन पाय पाह्यले पळताना. घरी आली अन् रडाले लागली तर माझ्या नवऱ्यानं विचारलन, तोच होता ना? सासूनं म्हनलन, तोच असन, दुसरा कोन. मी हो म्हनलं. मंग सगरे तेच बोलत राहिले, अन् थोड्या दिवसानं मले बी तेच दिसाले लागलं.

मी विचारलं, मंग कोर्टात?

तिनं आरतीच्या डोक्यावरून हात फिरवलन. म्हने, कोर्टात मी पहिल्यांदा त्याईचं तोंड पाह्यलं. भासऱ्याचं तोंड. सगऱ्या मानसाईसमोर मले पाहा म्हनलन. मले एवढी लाज वाटली का मी लवकर बोट केलं अन् मान खाली घातली.

गाडी येऊन राहिली होती. ती म्हने, ताईले मी सांगनार होती. ताई म्हनत होती, तू बोलली तर मी तुझ्या मागं उभी राहीन, नागपूरले राह्याची सोय करीन, वकील पाहीन, तू एकटी नाई पडनार. आता कोन हाये? तू कोनाले सांगू नोको बाई. माझं पोरगं लहान हाये. तुले सांगितलं कारन तू रोज माझ्याकडे पाह्यते अन् मले सहन होत नाई.

अन् तिनं आरतीले माझ्या मांडीवर ठेवलन अन् गाडीत नाई बसली, उलट दिशेनं चालत गेली.

मी टेसनावर तुले फोन लावला ताई. खरंच लावला. सवयीनं नाई, समजून उमजून. तुझा नंबर लागला, घंटी वाजली, मंग कोनीतरी उचलला अन् हॅलो हॅलो म्हनत राहिलं, तुझा भाऊच असन, अन् मी फोन बंद केला. त्याले काय सांगू? त्याच्या बहिनीनं जे धान लावलं ते आता उगवलं?

तुले मी कई थँक्यू म्हनलं नाई. आमच्यात म्हनतच नाई कोनी. तू आमच्या चुलीजवर बसली अन् मले असं काई विचारलं जे कोनी विचारलं नव्हतं, तेव्हापासून मी मोठ्याईच्या टाचेकडे पाह्यते तई मले माझाच इचार येते. आरती मोठी होईन, तिचं लगन होईन, तिले बी कोनीतरी सांगन, इकडे पाहू नोको, तिकडे पाहू नोको. मी काय शिकवू तिले? एक दिवस मोठे खाकरले तई मी फिरली नाई. पदर घेतला पन तोंड फिरवलं नाई. पाह्यलं. भुवई खरंच अर्धी हाये ताई. ते दचकले, अन् दोन पावलं मागं गेले. दोघं बी घाबरलो. मंग ते म्हनले, पानी तापलं काय, अन् मी हो म्हनलं. तुले सांगाले पायजे होतं हे. तू हासली असती.

आता पेशी जवर आली हाये. वकीलसाहेबाचा फोन येते. विचारते, रत्नाताई जाच्या आधी काई सांगून गेल्या काय, ती बाई बोलाले तयार होती काय. मी म्हनते, पाहून सांगते. त्याईनं म्हनलन, एकदा तारीख गेली तर पुन्हा हे मांडता येईन का नाई सांगता येत नाई. आरतीचे बाबा जाळीतून विचारतेत, ताईचा ताप उतरला काय. मी म्हनते, उतरून राहिला. शकुन रोज सकारी बोडीवर भांडे घासाले येते अन् माझ्या बाजूच्याच गोट्यावर बसते, दुसरे गोटे मोकरे असतेत तरी. बोलत नाई. तिचं पोरगं पान्यात पाय बुडवून बसते, अन् आरती त्याच्यावर पानी उडवते, मंग शकुनच दोघाईचे हातपाय धुऊन देते.

मी तिले दोनदा म्हनाचा प्रयत्न केला, का चाल, आपुन दोघी जाऊ वकिलाकडे. तोंड उघडते अन् तिचा नवरा पारीवर बिडी ओढत उभा दिसते. तू म्हनत होती, तिनं सोताहून बोलाले पायजे. किती दिवस वाट पाहू? मी वकिलाले सांगून टाकलं तर कोर्ट तिले बोलावन, अन् ती तिथं नाई म्हनन, घाबरून, मंग माझं बी गेलं अन् तिचं बी. का हो म्हनन, अन् आरतीचे बाबा घरी येतीन, अन् ती पोरगं न घेता रस्त्यावर. अन् मी चूप राहिली तर काईच होनार नाई, सगरं जसं हाये तसंच राहीन, अन् हे काईच न होनं आरतीच्या बाबाच्या वाट्याले जाईन.

हे छापून येईस्तोवर मी काईतरी करून बसली असन. का काईच न करता बसली असन. मी ताईले विचारून घेतलं असतं, भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, पन विचारलं असतं. ती नाई. म्हनून तुमाले विचारते, तुमी जे तिच्यासंगं शिकले, तिले शिकवलं, कायदा वाचला, तुमीच सांगा. नवरा जाळीच्या पलीकडून ताईची वाट पाहून राहिला हाये, वकिलाचा फोन वाजून राहिला हाये, अन् ज्या बाईचा एक शब्द पायजे ती तुमच्या पोरीचे हातपाय धुऊन देऊन राहिली हाये. माझ्या जागी तुमी असते, तर तुमी काय केलं असतं?